सजावटीचे ठिपके

मुहर्रकच्या गल्लीत, मोत्याच्या व्यापाऱ्याच्या जुन्या घरात
आता सत्तावीस काचा आहेत.
सकाळी सात ते नऊ, लोक यायच्या आधी,
मी त्यांच्यावरचे बोटांचे ठसे उतरवतो.
शाळेतल्या पोरांचे खाली, कमरेच्या उंचीला,
म्हाताऱ्यांचे वर, जिथे हात टेकून ते उभे राहतात
आणि पाणबुड्याच्या नाकाचा शिंगी चिमटा बघत
काहीच बोलत नाहीत.

चिमट्याशेजारी पायाला बांधायचा दगड,
एकीत एक बसणाऱ्या मोती चाळायच्या चाळण्या,
आणि पुढे, एकोणिसाव्या काचेत, एक तपेली.
पाटीवर अरबी, खाली इंग्रजी:
नोखदाच्या सामानातील पितळी भांडे. हिंदुस्थान.
काठाखाली सजावटीचे ठिपके.

नोखदा म्हणजे आमचा नाखवा,
एवढं हर्णैच्या माणसाला सांगावं लागत नाही.
ठिपक्यांना मात्र तीन महिने लागले.
काच पुसणारा काच बघतो, आतलं बघत नाही.
मग एकदा दिवा गेला, नवा जरा तिरका बसला
आणि ठिपके उठून उभे राहिले.
भांडीवाल्याच्या ओट्यावरची टकटक
कानात आधी आली, अक्षरं मागून:

चि. सौ. सुद्राबाई हिस मामाकडून. सन १९३८.

सुंद्राबाई असणार.
नाव घालणारा घाईत असेल, लग्नसराईत रांग असते.
एवढ्या ठिपक्यांत नेमका एक राहिला.
मी ओल्या बोटाने तो काचेवर दिला,
बरोब्बर सु-च्या डोक्यावर.
मागे सरून पाहिला.
मग फवारा मारून पुसून टाकला.
ठसे ठेवायचा पगार मला देत नाहीत.

लुलवाबाईंना सांगावं की नाही, यात अख्खा रमजान गेला.
सांगितलं.
त्यांनी हातमोजे चढवले, तपेली बाहेर काढली,
मोबाइलचा उजेड धरला. म्हणाल्या, वाच.
वाचलं. म्हणाल्या, पुन्हा.
मामा म्हणजे?
आईचा भाऊ.
खाल, असं म्हणून त्या जरा गप्प झाल्या.
मग, ही नाखव्याची कोण?

ते ठिपक्यांत नाही, बाई.
बायको असेल. गहाण पडली असेल
(तपेली म्हणतोय मी, बाई नव्हे).
किंवा वाऱ्यासाठी गलबत बंदरात अडकलं असेल,
कुणी कालवण भरून दिलं असेल
आणि भांडं परत करायचं राहिलं असेल.
आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत,
म्हणून कधीकधी करतच नाहीत.

मी आत डोकावलो. कल्हई पार उडालेली.
म्हटलं, कल्हई लावून घ्या, आमटी कळकेल.
त्या हसल्या. म्हणाल्या,
झीज आहे म्हणून तर ती इथे आहे.

नवी पाटी आली, ठिपके जाऊन नाव आलं.
सुद्राबाईच. मी सुंद्रा सांगितलं होतं,
पण वस्तूवर आहे तेवढंच लिहायचं, असा नियम.

शुक्रवारी ताईला फोन लावला.
आपल्या आईच्या भांड्यांवर काय नाव होतं गं?
माहेरचं की सासरचं?
ती? ती तर मोडीत घातली.
पत्रे बदलले त्या वर्षी. बदल्यात स्टीलचा डबा आला,
चांगला आहे, तांदूळ राहतात.
घालताना नाव वाचलंस?
नाव कोण वाचतं रे, ताई म्हणाली, वजन करतात.

मी एकोणिसाव्या काचेपाशीच उभा होतो.
आत बावीस अंश. ओलावा पंचेचाळीस.
काटा हलला तर वर कळवायचं असतं.